सोबत तिकीट लावलेले पाकीट

धुळ्यातल्या त्या कॉलेजच्या फाटकाजवळ कडुनिंबाला टांगलेली पाटी विशाखाने दोनदा वाचली. ‘सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील.’ पाटीत नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते अक्षरात. त्यातल्या प्रत्येक ‘र’ची शेपटी गरजेपेक्षा लांब जाऊन ऐटीत वर वळली होती... आणि अगदी अशाच शेपट्यांचे चाळीस कागद विशाखाच्या पिशवीत होते!

पाटीखाली एक उंच, सावळा तरुण स्टुलावर बसून कुणाच्या तरी अर्जावर फोटो चिकटवत होता. बोटांना डिंक, कानामागे पेन, शेजारी जुना टाइपरायटर.

“कोणता अर्ज? पोलीस भरती, बँक, की डी.एड.?” त्याने मान वर न करताच विचारलं.

“हा.” विशाखाने चाळीस कागदांचा गठ्ठा त्याच्यासमोर आपटला.

त्याने आधी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मग घाईघाईने पुन्हा कागदाकडे पाहिलं. कागद त्याला जरा बरा वाटला असावा.

“अरे, हे तर मीच भरलेत. काही चूक राहिली का, मॅडम?”

“एकही नाही. तेच तर दुखणं आहे!”

विशाखा भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, जळगावला एम.फिल. करणारी. विषय भारदस्त होता – संगणकावरून घरबसल्या शिक्षण, नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय, या तिन्हींसाठी विद्यार्थी कितपत तयार आहेत. साल होतं अठ्ठ्याण्णव, आणि संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं असतं एवढंच ज्ञान बहुतेकांना होतं. तिने धुळ्याच्या होस्टेलवर चाळीस प्रश्नावल्या पाठवल्या, त्या पंधरा दिवसांत भरून परत आल्या. चाळीसच्या चाळीस जण तिन्हींसाठी एका पायावर तयार! तिच्या मार्गदर्शक इंदिराबाई खूश झाल्या. “छान निष्कर्ष आहे. मांडून टाक, दहा दिवस उरलेत,” असं त्यांनी सांगूनही टाकलं. पण विशाखाला लहानपणापासून एक खोड होती, ‘असं कसं?’ हा प्रश्न तिला झोपू देत नसे. म्हणून ती सकाळची एसटी पकडून आली होती.

“पोरांनी आणून दिले, मी भरले,” तो शांतपणे म्हणाला. “इथे फॉर्म म्हटला की या देवचंदकडे येतो. त्यांनी सह्या केल्या.”

“अहो, पण त्यांची मतं हवी होती मला!”

“अर्जात मत कोण विचारतं, मॅडम? साहेबाला जे आवडेल ते लिहायचं. मला वाटलं, सरकार संगणक वाटणार असेल... पोरांचं नुकसान नको.”

चिडायचं ठरवून आलेली विशाखा खुदकन हसली. आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

“माझं वर्ष जाईल, कळतंय का तुम्हाला? खोटे कागद मी देणार नाही. खरे माझ्याकडे नाहीत.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने डिंकाची बाटली बंद केली, पाटी उलटी फिरवली आणि उठला.

“चला. चाळीसही जणांना तुमच्यासमोर बसवतो. पेन मात्र तुमच्या हातात.”

विशाखाने धुळ्यातच राहणाऱ्या झुंबरबाई मावशीकडे मुक्काम ठोकला. रोज संध्याकाळी होस्टेलच्या व्हरांड्यात सतरंजी पडायची, देवचंद एकेकाला धरून आणायचा, ती विचारायची. पहिलाच आला शिंदखेड्याचा वना.

“संगणकावरून घरबसल्या शिकायला तयार आहात का?”

वना विचारात पडला. “ताई, लाईट गयी ते मास्तर बी अर्धामाच जाई का?”

मागून दुसरा म्हणाला, “मास्तर समोर राहस तरी झोप येस, ताई!” अख्खा व्हरांडा हसला. विशाखाने दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. तिचे डोळे चमकत होते आणि देवचंद ते पाहत होता. ती पाहतेय असं दिसताच तो वर कौलं मोजू लागला.

“सध्या काही व्यवसाय करता का?” या प्रश्नाला प्रत्येक जण ‘नाही’ म्हणायचा. मग बोलता बोलता निघायचं, की वना पहाटे अख्ख्या गल्लीच्या सायकलींचे पंक्चर काढतो, दुसरा आईचे पापड होस्टेलवर विकतो, तिसरा लग्नात फोटो काढतो.

“मग हा व्यवसाय नाही का?”

“तो काय धंदा शे का, ताई? ते तर नोकरी लागेपर्यंत!”

त्या रात्री विशाखाने प्रश्नावलीत एक नवा रकाना आखला – ‘नोकरी लागेपर्यंत काय करता?’ चहा पिताना तिने तो देवचंदला दाखवला.

“तुम्हाला सगळंच का हो विचारावंसं वाटतं?” तो म्हणाला.

“तुम्हाला काहीच का विचारावंसं वाटत नाही?”

“वाटतं ना... परत कधी जाणार, हे विचारावंसं वाटतं. पण उत्तर नको असतं.” एवढं बोलून त्याने कपात तोंड घातलं, आणि विशाखाला चहा एकदम जास्त गोड लागला.

पाचव्या दिवशी चाळीस पूर्ण झाले. संगणकाला खरोखर तयार निघाले सात. निघायच्या आधी ती कडुनिंबाखाली आली आणि एक कोरी प्रश्नावली त्याच्यासमोर धरली.

“आता तुमची. एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात ना? सध्या काही व्यवसाय?”

“नाही.”

विशाखाने स्टुलाकडे पाहिलं, टाइपरायटरकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. तो ओशाळला.

“नोकरीसाठी किती अर्ज केले?”

समोर कुणाचा तरी अर्ज होता. त्याला तो एक पाकीट जोडत होता – अर्जदाराचाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं. उत्तर धाडायला असं पाकीट सोबत द्यावंच लागायचं.

“एकही नाही,” तो शेवटी म्हणाला. “हे पाकीट आहे ना, मॅडम... परत येतं तेव्हा आपलंच अक्षर, आपलाच पत्ता, आणि आत नकार. पोरं महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट बघतात, मी रोज पाहतो ते चेहरे. दुसऱ्याचा अर्ज बिनघोर भरता येतो. स्वतःचा टाकला की वाट पाहावी लागते... मला वाट पाहायची भीती वाटते.”

इतका खरा माणूस विशाखाने पाच दिवसांत दुसरा पाहिला नव्हता. तो डिंकाने माखलेला हात धरावा असं तिला फार वाटलं. तिने फक्त कोरा कागद त्याच्या टाइपरायटरखाली सरकवला.

“भरलात तर पाठवा. एकेचाळिसावा.”

इंदिराबाई आधी रागावल्या, मग नवा रकाना वाचून चष्मा काढून बसल्या. “तयार नाहीत, हाही निष्कर्षच की!” प्रबंध वेळेत गेला. विशाखा सुटली... पण सुटली कुठे? रोज दुपारी कॉलनीत पोस्टमनची सायकल वाजली की ती उगाच अंगणात जायची. सगळ्यांना प्रश्न विचारणारीला एका उत्तराने नाचवायला घेतलं होतं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. ‘वाट पाहायची भीती’ म्हणजे काय, ते तिला आता पुरतं कळलं.

एप्रिलच्या अखेरीस जाडजूड लिफाफा आला. ‘र’ची शेपटी पाहूनच तिने तो अंगणातच फोडला.

सध्या व्यवसाय करता का? – ‘होय.’ संगणकावरून घरबसल्या शिकायला तयार आहात का? – ‘होय. शिकवणारी त्याच घरात असेल तर.’ आणि शेवटी, ‘इतर काही सांगायचे असल्यास’ या ओळींत कधीही न खोडणाऱ्या देवचंदने चार वेळा खोडलं होतं.

‘तुम्ही गेल्यापासून कुणी मला काही विचारत नाही. तुम्ही मला फार आवडता. आयुष्यातला हा माझा पहिलाच अर्ज. खाडाखोडीबद्दल माफी असावी.’

सोबत जोडलेलं पाकीट. तिकीट लावलेलं. पत्ता – देवचंद, मु. पो. सोनगीर.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली फुलांचा पांढरा सडा पडला होता. देवचंद एका बाईंचा अर्ज भरत होता. समोर पाकीट पडलं. त्याने पत्ता पाहिला, स्वतःचं अक्षर पाहिलं. आलं परत... मग त्याला दिसलं, की तिकिटावर शिक्काच नव्हता.

त्याने वर पाहिलं. समोर विशाखा उभी होती, प्रवासाने धुळकटलेली.

“पोस्टात... पोस्टात नाही टाकलंत?”

“तुला वाट पाहायची भीती वाटते ना!” ती पहिल्यांदाच त्याला ‘तू’ म्हणाली.

“आत काय लिहिलंय?”

“काहीच नाही. रिकामंच आहे. उत्तर घेऊन मीच आलेय.”

तो बघतच राहिला. हात तेवढे सवयीने चालत होते.

“अहो भाऊ!” समोरच्या बाई ओरडल्या. “माझा फोटो उलटा चिकटवला की!”

विशाखाने हसत दुसरं स्टूल ओढलं, त्याच्या कानामागचं पेन काढून घेतलं आणि त्या बाईंकडे वळली.

“द्या ताई, दुसरा कोरा अर्ज द्या. यांचं आज काही खरं नाही... सांगा, तुमचं पूर्ण नाव काय?”