एक्केचाळीस निरोप

थांब, थांब. असा आपटू नकोस तो फोन. अ‍ॅप उघडत नाही तर नाही उघडत. एक रात्र नाही उघडलं म्हणून कुणाचा जीव जातो का?

...बरं, जातो. एकदा गेलाय. दार लोटून घ्या आणि बसा इकडे. सांगतो.

माझा एक साडू आहे. तुम्ही पाहिलेला नाही त्याला. मी बदलीवर ज्या गावात होतो, तिथे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हुशार, हात चलाख. कुठलाही फोन पुढे केला की न बघताच म्हणायचा, "दोन मिनिटांचं काम." गावानं त्याचं नावच 'दोनमिनिट' पाडलं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. दुपारी चारच्या सुमाराला माइकवाल्या काकू त्याच्या दुकानात आल्या. त्यांचे यजमान सत्तावीस वर्षं बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. 'सात नंबरला लागलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल,' हा त्यांचा आवाज गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पुढे त्यांना घशाचा आजार झाला. ऑपरेशन केलं, त्यात आवाज गेला. दीड वर्ष माणूस पाटीवर लिहून बोलला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वारला.

काकूंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला फोन काढला.

"बाळा, हे आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप उघडतच नाही बघ. पांढरं होतं आणि मिटतं. मी फोन बंद करून पाहिला, चालू करून पाहिला."

"बघतो ना काकू."

"ऑपरेशनच्या आधी आठ दिवस दार लावून बसायचे रे. माझ्यासाठी एक्केचाळीस निरोप बोलून ठेवलेत. मी नऊच ऐकलेत. पुरवून पुरवून ऐकते. संपले की संपले, नाही का?" मग त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "फोनचं काय वाट्टेल ते कर. ते पुसू नकोस हं."

"पुसायचं कशाला? दोन मिनिटांचं काम. तुम्ही घरी जा, रात्री जाता जाता आणून देतो."

काकू गेल्या. यानं काम हातात घेतलं ते साडेआठला. अ‍ॅप जबरदस्तीनं थांबवलं, पुन्हा उघडलं. पांढरं झालं, मिटलं. तात्पुरत्या फायली काढल्या. तेच. नवीन आवृत्ती घ्यावी तर फोनमध्ये जागा नाही. आता सरळ मार्ग एकच होता. फोन कॉम्प्युटरला जोडायचा, निरोप आधी बाहेर काढून ठेवायचे, मग पुढचं बघायचं. अर्धा तास लागला असता. टेबलावर आणखी अकरा फोन पडले होते, आणि भूक लागली होती.

त्यानं 'डेटा पुसा' दाबलं.

फोननं विचारलं सुद्धा. 'सगळं कायमचं पुसलं जाईल. पुढे जायचं?' हे बटण तो दिवसातून पन्नास वेळा दाबायचा. बोट आपोआप गेलं. 'हो.'

अ‍ॅप लगेच उघडलं. झकास उघडलं. आत एकही निरोप नव्हता.

पुढे मला सांगताना म्हणाला, "भाऊ, पोटात गोळा आला. पण क्षणभरच. मग डोकं चालायला लागलं." मला त्या गोळ्यापेक्षा त्या डोक्याची जास्त भीती वाटते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तो काकूंच्या दारात उभा होता. त्यांनी बेल वाजायच्या आतच दार उघडलं.

"झालं?"

"अ‍ॅप उघडतंय काकू. पण आत काही नाही."

"म्हणजे?"

"पुसलं गेलंय. तुमच्याच हातून." सगळी वाट त्यानं हे घोकलं होतं. "शुक्रवारी. फोनमध्ये नोंद असते. उघडत नाही म्हणून तुम्ही काहीतरी दाबत बसलात ना?"

"दाबलं... होतं मी. पण मी फक्त बंद-चालू..."

"त्यातच झालं. वयस्कर माणसांचं होतं असं. जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका."

काकूंनी फोन हातात घेतला. म्हणाल्या, "पाणी घेशील का? लांबून आलास." तो नको म्हणाला आणि सुटला. घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या म्हणे.

काकू त्याच रात्री गेल्या. सकाळी शेजारणीला खुर्चीत सापडल्या, फोन मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शेजारीण म्हणाली, भिंतीपलीकडून रात्रभर बोलण्याचा आवाज येत होता. एकच वाक्य. "अहो, माझ्या हातून झालं हो... माझ्या हातून झालं." पहाटे चारला थांबलं.

साडूनं ऐकलं, आणि दुकान उघडलं.

पुढचा मंगळवार. चोवीस तारीख. रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. शटर निम्मं खाली ओढलेलं. बायकोला 'निघतो' म्हणून कळवायला त्यानं स्वतःचा फोन घेतला. मेसेजचं अ‍ॅप पांढरं झालं. मिटलं. पुन्हा. पांढरं... मिटलं. फोन लावायला गेला, तेही मिटलं. कॅमेरा, टॉर्च, घड्याळ, सगळं पांढरं. बंद-चालू केला. तेच.

हसला. "दोनमिनिटाच्याच फोनला रोग?"

तेव्हा त्याला दिसलं, शेवटच्या ओळीत एक अ‍ॅप जास्त आहे. आवाज रेकॉर्ड करायचं. त्यानं ते कधी घेतलंच नव्हतं.

हात लावला. झकास उघडलं.

आत यादी. एक ते एक्केचाळीस. पहिले नऊ फिकट, ऐकून झालेले. दहावा... ठळक.

त्यानं दाबला नाही, असं तो शपथेवर सांगतो. आपोआप सुरू झाला.

घसा साफ केल्याचा आवाज. मग तो आवाज, सत्तावीस वर्षं गाड्या पुकारणारा. मऊ. "दहावा निरोप. ऐकतेस ना? त्या निळ्या स्वेटरबद्दल मी खोटं बोललो होतो. मला तो मुळीच आवडायचा नाही. टोचायचा. पण तू विणलास म्हणून सतरा हिवाळे घातला. आता हस."

अकरावा. बँकेच्या लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात आहे. बारावा. नुसतंच शीळ वाजवणं. सोळावा. "आज डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलं नाही. तू बाहेर पेरू घेत होतीस. तुझा चेहरा छान दिसत होता, म्हणून नाही सांगितलं."

साडू फोन ठेवायला बघायचा. ठेवता येईना. एकामागून एक. एकतीस. पस्तीस. चाळीस.

एक्केचाळीस.

"हा शेवटचा. घसा दुखतोय आता. पुरवून ऐक हं. आणि नंतर माझा आवाज आठवेनासा झाला... तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातून काहीच..."

थांबला.

सेकंदांचे आकडे मात्र पुढे चालले होते.

मग दुसरा आवाज. बाईचा. अगदी जवळून.

"बाळा... मी नव्हतं ना पुसलं?"



आकडे चाललेत. वीस सेकंद. तीस. कुणीतरी उत्तराची वाट बघतंय, तसे.

"खरं सांग... रागावणार नाही मी."

पोरांनो, एक शब्द होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एक शब्द बोलला असता तर काय गेलं असतं?

त्यानं फोन तोंडाजवळ धरला. आणि म्हणाला...

"तुम्हीच पुसलंत काकू."

आकडे थांबले.

यादी रिकामी झाली. ते अ‍ॅपही गेलं. बाकी सगळी अ‍ॅप उघडू लागली. बायकोचे तीन मेसेज आले. शटर ओढून तो घरी गेला, आणि शांत झोपला.

सकाळी फोननं त्याचं बोट ओळखलं नाही. उजव्या हाताचं, पहिलं. धुतलं, पुसलं, पुन्हा टेकवलं. नाही. मग उजेडात धरून पाहिलं. त्या बोटावर एकही रेघ नव्हती. काचेसारखं गुळगुळीत.

पुढच्या मंगळवारी दुसरं बोट. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिसरं. डॉक्टर बघायचे, मलम द्यायचे, मान हलवायचे. दहा मंगळवार, दहा बोटं. आणि नुसती रेघ जात नव्हती. ज्या बोटाची रेघ गेली, ते काचेला कळायचंच बंद झालं. कुठल्याही फोनला. तो दाबायचा, घासायचा, आपटायचा. फोन ढिम्म. गिऱ्हाईक समोर उभं, आणि दोनमिनिटाच्या हातात फोन म्हणजे दगड. दुकान विकलं. कुणाला फोन लावायचा तर पोरीला म्हणायचा, "बेटा, एवढं दाबून दे." ती दाबून द्यायची, आणि बापाच्या हातांकडे बघायची नाही.

तेव्हा कुठे तो माझ्याकडे आला. रडला, सगळं ओकला. मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? जिथे खोटं बोललास तिथे जाऊन खरं बोल."

सहा फेब्रुवारी, शनिवार. रात्री नऊ. मी बरोबर होतो. काकूंच्या घराला कुलूप, सगळं अंधारात. दाराशेजारी काचेची खिडकी आहे. त्यानं दोन्ही हात काचेवर टेकवले, कपाळ टेकवलं.

"काकू... मी पुसलं. माझ्या हातून झालं. तुमच्या नाही."

आम्ही थांबलो. दहा मिनिटं... पंधरा. रस्त्यावरून एक सायकल गेली. आत काही हललं नाही, कुणी बोललं नाही. त्यानं हात काढले. मी बॅटरीचा झोत टाकला. काचेवर त्याच्या बोटांचा एक डागसुद्धा उमटला नव्हता.

"ऐकलं असेल का?" त्यानं विचारलं. मी बॅटरी विझवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काकूंची भाची घर रिकामं करायला आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते कुलूप उघडत होतं. मीही मदतीला गेलो. आत बोटभर धूळ, जमिनीवर एका पावलाची खूण नाही. भाची खिडकी पुसायला गेली आणि मला हाक मारली.

साडूनं हात टेकवले होते तिथेच, काचेवर दहा बोटांचे ठसे होते. ताजे, ओलसर. रेघ न रेघ मोजून घ्यावी इतके स्पष्ट.

आतल्या बाजूनं.

भाचीनं फडकं ओलं केलं, साबण लावला, ब्लेडनं खरवडून पाहिलं. मीही जोर लावला, हात भरून येईपर्यंत.

ते पुसले जाईनात.