डावीकडचा ब्रेक

कंदील जरा अलीकडे ओढतो. वीज साडेआठच्या आत काही येत नाही, आणि मला हल्ली अंधारात समोरच्याचं तोंडही धड दिसत नाही. बसा निवांत. आत राही निजली आहे, तिला उठवायचं नाही, म्हणून हळू बोलतो.

सुरुवातीला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. गेल्या महिन्यात मी मिरकरवाड्याला भिकाजीकडे गेलो, ते गाडीला एक जास्तीचा ब्रेक करून घ्यायला. एवढंच काम.

गाडी म्हणजे ही अंगणातली मारुती. मी वीस वर्षं ज्या डॉक्टरांची गाडी चालवली, ते थकल्यावर मुलाकडे मुंबईला कायमचे गेले आणि जाताना ही छोटी गाडी माझ्या नावावर करून गेले. खाऱ्या वाऱ्याने तिचा तळ पार कुजला होता. राहीने आणि मी घरीच तिला हात घातला. खाली नवा पत्रा मारला, त्याला तांबड्या रंगाचे दोन हात दिले, मागचं सीट उपसून तिथे काथ्याची गादी बसवली, म्हणजे पाय दुमडून का होईना, बाई आडवी होऊ शकेल. राही माझी एकुलती मुलगी, वरच्या कातळपठारावर, सड्यावरच्या उपकेंद्रात नर्स. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एक अडलेली बाई टेम्पोची वाट बघता बघता राहीच्या मांडीवर गेली. तेव्हापासून पोरीने एकच धरलं, गाडी शिकायची आणि असल्या बाया आपणच रत्नागिरीच्या दवाखान्यात न्यायच्या. मी नेल्या असत्या हो. पण मला काचबिंदू झालाय, डॉक्टरांनी चाक सोडायला सांगितलंय. तेव्हा ठरलं असं, की ती चालवणार, मी शेजारी बसून शिकवणार, आणि तिचं काही चुकलंच तर मला गाडी थांबवता यावी म्हणून डावीकडे एक ब्रेक.

भिकाजी जुना मेस्त्री. पूर्वी आम्ही दोघे एकाच ट्रान्सपोर्टमध्ये होतो, मी ट्रकवर आणि तो गॅरेजात. आता तो होड्यांची इंजिनं बघतो. माझं म्हणणं त्याने मान खाली घालून ऐकलं. "डावीकडं?" एवढंच विचारलं. रविवारी पिशवीत सामान घालून आला, डाव्या बाजूला पेडल बसवलं आणि तिथून एक आडवा रॉड नेऊन उजवीकडच्या ब्रेकला जोडला. डावीकडे दाबलं की चालवणाऱ्याच्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली जायचं. काम सुबक झालं होतं. चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उतरलेली. ढकलून चालू केली. तिसऱ्या दिवशी तेच. भिकाजीला पुन्हा बोलावलं, त्याने वायरी तपासल्या, कुठे काही सापडलं नाही. जुनी बॅटरी असेल म्हणून मी नवी आणली. तीही सकाळी मेलेलीच.

मग एके दुपारी, जेवून मी पडवीत खाटेवर आडवा झालो होतो. पानसुद्धा हलत नव्हतं. भाताच्या पेजेचा वास अजून घरात रेंगाळत होता. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात मिटल्या पापण्यांवर काहीतरी तांबडं आलं. डोळे उघडले, तर फणसाच्या सावलीत गाडी उभी, आणि मागच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर लाल उजेड पडलेला. ब्रेकचे दिवे. उठून जाईपर्यंत विझले. दारं बंद होती, काचा वर होत्या.

राही भांडी घासता घासता हे बघत होती. ती हसली. म्हणाली, "बाबा, तुमच्या घोरण्यावर चालतात वाटतं ते दिवे. घोरायला लागलात की लागतात. कालपण बघितलं मी." वायरिंगमध्ये दोष असेल म्हणून तिने सोडून दिलं. मी नाही सोडलं.

मला मुळात झोपेचं वावडं आहे. बावीस-तेवीस वर्षं झाली, मी सलग दोन तास निजलेलो नाही. सवय झालीय म्हणा, पण शरीर कधीतरी हिशेब मागतंच. त्यात या वयात अंग असं जड होतं, की बसल्या जागी मान पडते. तशीच ती सड्यावर पडली. राहीचा चौथा-पाचवा दिवस असेल शिकण्याचा. सकाळचे दहा, मोकळा कातळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोरगी छान चालवत होती. इंजिन एका सुरात होतं, ऊन काचेतून मांडीवर आलेलं, आणि मला डुलकी लागली. गाडी अशी गच्चकन थांबली की माझं कपाळ पुढे आपटलं.

"का दाबलात?" राही म्हणाली. "रस्ता तर मोकळा आहे."

माझे दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतलेले होते. चप्पलसुद्धा काढून ठेवलेली. मी तिला तसं म्हणालो नाही. पण तिनेच खाली बघितलं, माझे पाय बघितले, आणि तिचा रंग उतरला. हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पायाखालनं गेला तो खाली... कुणी दाबल्यासारखा."

आम्ही चालत घरी आलो. गाडी नंतर भिकाजीने आणून दिली.

आता तुम्हाला सदूचं सांगायला हवं. राही पोटात होती त्या वर्षीची गोष्ट. सदू माझ्या ट्रकवर क्लीनर होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, लांब पायांचा. लायसनच्या परीक्षेला तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला, म्हणून जन्मभर डावीकडेच बसला. त्याला एक खोड होती. मी जोरात घेतली की तो पुढ्यातल्या पत्र्यावर पाय दाबून धरायचा. शेजारी बसणारे बहुतेक सगळेच दाबतात तसं, पण हा सारखा दाबायचा. मी चिडवायचो, "सदू, तिथं ब्रेक नाय रे." तो म्हणायचा, "असता तर बरा झाला असता, लवू."

आंब्याचा हंगाम होता. पेट्या घेऊन सलग तिसरी रात्र मी कोल्हापूरच्या वाटेवर होतो. आंबा घाटात उजाडता उजाडता ट्रक डाव्या अंगाने कड्यावर आदळला. मला खरचटलं फक्त. सदूला बाहेर काढायला दोन तास लागले. त्याचा पाय जिथे होता, तिथे पत्र्याला वाटीएवढा खळगा पडला होता. संध्याकाळपर्यंत होता बिचारा, मग गेला.

मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागला नाही. ब्रेक आदल्याच दिवशी भिकाजीने केले होते. भिकाजीची नोकरी गेली. त्याच्याकडे रत्नागिरीत कुणी चाकाची गाडी द्यायला तयार होईना, म्हणून तो होड्यांकडे वळला. मला डॉक्टरांनी ठेवून घेतलं, कारण माझी काही चूक नव्हती ना.

खरं काय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी झोपलो होतो.

सड्यावरच्या त्या प्रकारानंतर राही गाडीत बसेना. परीक्षेची तारीख लागलेली. सगळं सोडून देते म्हणाली, टेम्पो मिळेल तेव्हा मिळेल, नशिबात असतील त्या बाया वाचतील. माझ्या एका झोपेपायी अजून किती जणांनी मरायचं? परवा संध्याकाळी भिकाजी बॅटरी बघायला आला तेव्हा मी त्याला पडवीत बसवलं. राही ड्यूटीवर होती. दिवेलागण झाली होती, पण मी दिवा लावला नाही. तोंड दिसू नये म्हणून.

"भिकाजी," मी म्हणालो, "त्या दिवशी ब्रेक लागला असता. मी दाबलाच नाय. मी निजलो होतो."

त्याची बिडी विझली होती तरी तोंडात तशीच.

"मना म्हायत हाय," तो म्हणाला. "सदू बोल्लेला. मराच्या आदी. लवू निजला होता... एवढाच बोल्ला."

"मग तू गप का राहिलास?"

"तुजी बायको पोटुशी होती तवा. आनि मना वाटला, तू येशील सांगायला. आज येशील, उद्या येशील..." त्याने बिडी फेकली. "मंग वरसा गेली."

मला रडायला आलं, सांगायला लाज वाटत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पाना घेतला, अंधारातच गाडीखाली शिरला, आणि अर्ध्या तासात डावीकडचं पेडल, रॉड, सगळं काढून पिशवीत भरून घेऊन गेला. जाताना म्हणाला, आता नीज. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री मी मागच्या खोलीत चटई टाकली आणि पडलो. राही ड्यूटीवरून उशिरा आली, तिचं जेवण झाकून ठेवलं होतं. तिला काही सांगायला मी जागा नव्हतो. मी झोपलो होतो हो. लहान मूल झोपतं तसा, स्वप्नाशिवाय, कूस न बदलता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जाग आली ती राहीच्या हाकेने. ती दारात उभी, हातात चहाचा कप. बाहेर नुकतं फटफटत होतं. तिचे केस विस्कटलेले, साडीवर डाग, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला तिची आईच आठवली. कप माझ्या हातात दिला, खाली बसली आणि एका दमात सांगू लागली. रात्री तीनच्या सुमाराला वरच्या वाडीतला धोंडू धावत आला होता, त्याची बायको विमला अडली होती. राहीने सगळी भीती गिळली, किल्ली घेतली आणि गाडी काढली. विमलाला आणि तिच्या सासूला मागे घातलं. पाच वाजायच्या आत दवाखान्यात मुलगा झाला. दोघंही सुखरूप.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणालो, मला उठवायचंस ना.

ती हसली. "आता ही कसली थट्टा? हाक मारली तेव्हा ओ दिली नाहीत, आणि बाहेर येऊन बघते तर तुम्ही माझ्या आधी गाडीत. डोक्याला मफलर गुंडाळून. मला इतका धीर आला बाबा... पण अख्ख्या वाटेत एक शब्द बोलला नाहीत. विमलाची सासू दोनदा बोलली तुमच्याशी."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

"आणि एक सांगते, रागवू नका," ती म्हणाली. "निवळीच्या उतारावर माझा डोळा लागला. क्षणभरच. दिवसभर पायावर होते ना. तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून, नाहीतर गेलोच होतो दरीत. उगीच घाबरले मी त्या ब्रेकला. बरं झालं बसवलात."

ब्रेक काढलाय हे तिला ठाऊक नव्हतं. रात्री आली तेव्हा अंधार होता, आणि बसल्या जागेवरून शेजाऱ्याच्या पायाशी काय आहे ते कुणाला दिसणार?

मग तिने मला विचारलं, अगदी सहज, जांभई देत देत. "परत आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून होतात, म्हणून उठवलं नाही. आत येऊन चहा टाकला, तर तुम्ही चटईवर. उतरलात कधी?"

मी म्हणालो, "तू फाटक लावत होतीस तेव्हा."

बघा, परवाच एका खोट्यातून सुटलो होतो. दोन दिवस झाले नाहीत. पण तिला खरं सांगितलं असतं तर तिने पुन्हा कधी त्या चाकाला हात लावला नसता, आणि उद्या तिची परीक्षा आहे. काल दिवसभर ती झोपली, आज पुन्हा ड्यूटी करून आली. मी मात्र कालपासून डोळा मिटलेला नाही. मिटायचं धाडस होत नाही. मी निजल्यावर काय होतं ते आता मला कळलंय.

तुम्ही यायच्या आधी, मघाशी सांजेला, उद्यासाठी गाडी पुसून ठेवावी म्हणून गेलो. डावीकडचं दार उघडलं. सीट पार मागे सरकवलेलं होतं, लांब पायाचा माणूस सरकवतो तसं. राहीने त्याला हात लावलेला नाही, मी विचारलं. मी खालची दांडी ओढून ते पुढे घ्यायला गेलो. दांडी उचलली जात होती. सीट मात्र हलेना. वर माणूस बसलेला असला की जसं हलत नाही, तसं.

उद्या अकरा वाजता परीक्षा. मला शेजारी बसता येणार नाही, तसा नियमच आहे. तिथे परीक्षा घेणारा साहेब बसतो.