गुलाबाईपुढचा डबा

शीतलने टेबलावर स्टीलचा डबा ठेवला आणि ती भिंतीपर्यंत मागे सरकली. बाहेर रणरणतं ऊन होतं, तरी पोरगी थंडी भरल्यासारखी कापत होती.

"मॅडम, आप ही खोलो. मी पुन्हा हात नाही लावणार."

वैजयंती कडूंनी झाकण काढलं. आत निळ्या रबरबँडने बांधलेलं वेणीचं बोटभर टोक होतं.

शेजारी बसलेल्या श्रीकांतरावांची पाचावर धारण बसली. हे वैजयंतीबाईंचे धाकटे दीर, कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. माणसांवर ते सहसा विश्वास ठेवत नसत, भुतांवर मात्र चटकन ठेवत.

बुधवाऱ्यातल्या कापडदुकानावरची ही खोली म्हणजे वैजयंतीबाईंचं खासगी तपासाचं ऑफिस. तिथे एरवी लग्नाआधीच्या चौकशा यायच्या. मुलगा पितो का, आधीचं काही लफडं आहे का, असल्या. केसांचा डबा आजवर कुणी आणला नव्हता.

"कुणाचे केस?"

"भूमिकाचे. आमच्याच घरात राहते."

शीतलने अडखळत सगळं सांगितलं. शहरातल्याच लालबागेत कॉलेजच्या मुलींचं 'सोबत' नावाचं मंडळ होतं. त्याच्या भाड्याच्या घरात सध्या तिघीच राहायच्या: सर्वांत मोठी गायत्री, शीतल आणि निंबोला गावची भूमिका. नव्या मुलीला एक ताई मिळायची. कुणी एकटीने यायचं-जायचं नाही. एकीची परीक्षा असली की दुसरी तिचं जेवण करायची. कुणाच्या घरी लग्नाची घाई सुरू झाली, तर चौघी-पाचजणी जाऊन बापाला समजवायच्या. या मंडळाच्या भरवशावरच भूमिकाच्या वडिलांनी तिला शिकायला पाठवलं होतं.

"आधी तिच्या उशीवर सुया टोचलेलं लिंबू निघालं. मग उंबऱ्यावर राख. और कल ये."

"पोलिसांत का नाही गेलात?"

"मग सगळ्यांचेच बाप येतील, मॅडम. मंडळ बंद. भूमिकाचे पप्पा तर आजच न्यायला येतायत. दुपारच्या आत काही कळलं नाही, तर तिचं कॉलेज खतम."

वैजयंतीबाईंनी पर्स उचलली. "भाऊजी, रिक्षा थांबवा."

"वहिनी, आधी एखादा जाणता बघूया का? हे करणीचं—"

"जाणत्याला रिक्षातून उतरल्यावर बघू."

लालबागेतल्या त्या घरात दिवसाढवळ्या दिवे लावले होते. समोरच्या खोलीत पाटावर गुलाबाई-गुलोजीची मातीची जोडी मांडलेली होती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली तिच्यापुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की झाकलेला डबा निघतो. तो खुळखुळवायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. या घरात डबा कुणी आणला हे उघडेपर्यंत सांगायचं नाही, अशी रीत होती.

भूमिका भरलेल्या बॅगेजवळ बसली होती. आवाज बसलेला, डोळे सुजलेले.

"काल दुपारी याच खोलीत झोप लागली. उठले ती तशीच अंबाडा बांधला. संध्याकाळी डबा फिरला. मी म्हटलं, लाडू. उघडला, तर... माझाच रबरबँड. केस सोडून बघितले, तेव्हा कळलं." तिने ओढणी डोक्यावर घट्ट ओढली. "बाई, मला जायचं नाही. पण इथे डोळा मिटायची भीती वाटते."

वैजयंतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. झोपलेल्या मुलीच्या मानेजवळ कात्री नेणारा हात याच घरातला होता.

कारण दाराला आतून कडी होती. स्वयंपाक करणाऱ्या सोजरबाईंनीच ते सांगितलं.

"म्या सोता कडी लावली वं माय. कोनी आलं नाही. हे बाहेरचं आहे, माणसाचं नाही."

"डबा तुम्ही ठेवला?"

"मी काहून ठेवू? मले वाटलं पोरींनी ठेवला. मी तं सांजोरी म्हनली. आवाजच येत नव्हता ना डब्याचा."

श्रीकांतरावांनी चोरून छताकडे पाहिलं.

शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वैजयंतीबाईंनी तिला विचारलं, "तुझं आणि भूमिकाचं भांडण झालं होतं?"

"स्कूटीवरून. मतलब, झालं होतं, पण संपलं पण!" शीतल एकदम भडकली. "काल डबा फिरला, तेव्हा मी म्हटलं पेठा. चुकलं. खाऊ ओळखण्यात नेहमी गायत्रीताईच जिंकते, आम्हाला कुठे जमतं? मीच कापली असती वेणी, तर मीच तुमच्याकडे आले असते का?"

"येतात की," श्रीकांतराव कुजबुजले. "चोराच्या मनात चांदणं."

गायत्री शेवटी भेटली. चेहरा पांढराफटक, बोलणं मात्र नीटनेटकं. मोबाईल तिने मांडीवर पालथा ठेवला होता. तो थरथरला की तीही दचकायची.

"भूमिकाला नेमून दिलेली ताई मीच, बाई. तिला मीच मंडळात आणलं. काल डबा हातोहात फिरला. खुळखुळ नव्हती, आत मऊसं काहीतरी सरकत होतं. भूमिका म्हणाली लाडू, शीतल पेठा, सोजरमावशी सांजोरी. मग शीतलने झाकण काढलं आणि सगळ्या किंचाळल्या."

"डबा कुणाचा असेल, असं वाटलं?"

"मावशींचा."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. गायत्रीने मोबाईल बंदच करून टाकला.

भूमिकाचे वडील रामदास आत आले. केळीच्या बागेतून तसेच निघालेले, सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. त्यांचा भाचा रितेश जीपमध्येच बसून राहिला.

"मले काई चौकशी नको, बाई. पोरीले घेऊन जातो." त्यांनी भूमिकाची बॅग उचलली. "काल दुपारीच रितेश गाडी घेऊन आला होता. म्हने, मामा, माह्या न् भूमिकाच्या लगनाचं पक्कं करू. मी म्हनलं, पोरगी शिकून राह्यली. तं म्हने, उद्या तिले घ्याले जाऊ, ती येईनच. आन् संध्याकाळी हिचा रडत फोन! आता त्याच्याच हाती देतो. जिवंत तं राहीन."

वैजयंतीबाईंनी दारातून एकदा जीपकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सगळे इथे बसा. रामदासभाऊ, तुम्हीसुद्धा. मला थोडंच बोलायचं आहे."

भूमिका बापाला चिकटून बसली.

"कडी आतून होती. म्हणजे बाहेरचं कुणी नाही, जिवंतही नाही आणि मेलेलंही नाही." श्रीकांतरावांनी मान खाली घातली. "राहिल्या घरातल्या चौघी. डबा कुणी ठेवला, ते कुणी कबूल करत नाही. पण काल तो खुळखुळवताना शीतल म्हणाली पेठा, भूमिका लाडू, मावशी सांजोरी. गायत्री, तू या तिघींचं सगळं सांगितलंस. तू काय ओळखलंस?"

"मी... आठवत नाही."

"दुसऱ्यांचं आठवतं, आपलं नाही? आणि तू तर रोज जिंकणारी." वैजयंतीबाईंचा आवाज मऊ झाला. "डबा जिचा, तिने ओळखायचं नसतं. लहानपणापासून अंगात मुरलेला नियम आहे. काहीही बोलून टाकलं असतंस, तर मला काही कळलं नसतं. लिंबू ठेवलंस, वेणी कापलीस, पण गुलाबाईपुढे खेळ खोटा खेळायला तुझी जीभ रेटली नाही."

"ताई?" भूमिका पुटपुटली.

"आता कारण. भूमिका घरी गेली तर फायदा कुणाचा? डबा उघडला संध्याकाळी. त्याआधीच, दुपारी, 'ती येईलच' असं सांगणारा माणूस बाहेर जीपमध्ये बसलाय. ती जीप थांबली आणि गायत्रीने फोन बंद केला. भाऊजी, भूत शोधायचंच असेल, तर ते स्टिअरिंगपाशी आहे."

गायत्रीने ओंजळीत तोंड लपवलं.

"त्याच्याकडे फोटो आहे. माझा आणि... वर्गातल्या एकाचा. रोज फोन करायचा. म्हणायचा, भूमिकाला घाबरवून घरी पाठव, नाहीतर तुझ्या बापाला फोटो पाठवतो. माझे वडील मला जिवंत ठेवणार नाहीत, भूमी. तू झोपलेली असताना कात्री मीच धरली."

शीतलने तोंडावर हात दाबला. सोजरबाई रडू लागल्या. रामदासांनी भूमिकाची बॅग बाजूला सारली. याच भाच्याला ते जावई करून घ्यायला निघाले होते.

भूमिका उठली. गायत्रीसमोर जाऊन उभी राहिली. ती आता मारणार, असं श्रीकांतरावांना वाटलं.

"मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस? काहीही झालं, तरी आधी ताईला सांगायचं." तिने डोक्यावरची ओढणी मागे सारली. "मग तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. मी तर सगळ्यांची ताई. मी कुणाला सांगू?"

राग भूमिकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, आणि तो लगेच जाणाराही नव्हता.

"फोन चालू कर," ती म्हणाली. "त्याचे सगळे मेसेज ठाण्यात दाखवायचे."

"आणि माझ्या घरी कळलं तर?"

"तर आम्ही सगळ्या तुझ्या घरी येऊ," शीतल म्हणाली. "बाकीच्या पोरींना पण बोलावते. पूरा मंडल."

"मी बी येतो," रामदास म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. "बापाचं बोलनं बापाले समजीन. पन आधी ठाण्यात चला."

ते सगळ्यात पुढे निघाले. मागून शीतल, सोजरबाई, वैजयंतीबाई. श्रीकांतरावांनीही कधी नव्हे ते छाती काढली होती.

फाटकातून एवढी माणसं एकदम येताना पाहून रितेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने घाईघाईने काच वर केली आणि जीप सुरू करायला लागला. रामदास जाऊन जीपच्या पुढ्यात उभे राहिले.

गायत्री सगळ्यात शेवटी फाटकाबाहेर आली. भूमिका तिच्याकडे बघत नव्हती, पण तिने तिचा दंड घट्ट धरला होता.