गोदावरीबाईचा ताबा

मोहाडीच्या बाजाराजवळचं ते कौलारू घर गोदावरीबाईनं भरदुपारी सोडलं. लग्न होऊन ती याच घरात आली, खुशाल, तिचा नवरा, वारला तोही इथंच. पण घर भाड्याचं. जुन्या मालकानं तोंडी दिलेलं. तो वारला आणि त्याचा मुलगा राजकुमार दारात उभा राहिला.

"काकी, कागद दाखवा."

"तुया बापाचा शब्द होता."

"शब्दावर सही नसते, काकी."

भांडायला तिच्यापाशी बळ नव्हतं. टेम्पोत सामान चढलं. शेवटी ती रिकाम्या स्वयंपाकघरात गेली. घर सोडताना त्यातल्या गेलेल्या माणसालाही हाक मारायची, नाहीतर तो मागं अडकतो, असं तिच्या सासूनं शिकवलं होतं. तिनं कोपऱ्यात पाणी शिंपडलं.

"चला हो. घर सोडून राहिलो आपण."

वरठीला मुलीच्या घरी उतरली, तेव्हा उंबऱ्यावर खुशालच्या तंबाखूचा वास आला. मुलीला, हर्षालाही आला. खुशाल सोबत आला होता. शंकाच नव्हती.

धान कापणीला आलं तेव्हा राजकुमार मोटरसायकलवर आला. तोंड उतरलेलं.

"काकी, तुमच्या म्हाताऱ्याले घेऊन जा ना."

"काहून?"

"आत राहून राहिला तो. बाहेरून कुलूप, अन् आतून भाताचा वास येते. कोणी चूल फुंकते... एक भाडेकरू टिकत नाही."

गोदावरीबाईचे हात सुपातले तांदूळ निवडत राहिले. आपला म्हातारा तर इथं आहे. मग तिथं कोण? तोंडावर मात्र तिनं काही दिसू दिलं नाही.

"नेत नाही. मीच राहाले येतो. पहिले माया नावाचा भाड्याचा कागद कर."

"कागद? आपल्या माणसात कायले कागद, काकी?"

"शब्दावर सही नसते ना, बाबू?"

हर्षा ओढणीत तोंड लपवून हसली.

कागद झाला. त्याची सही, तिचा अंगठा. निघताना खुशालला हाक मारायला ती विसरली नाही.

दिवेलागणीला तिनं कुलूप काढलं. राजकुमार रस्त्यावरच थांबला. आत काळोख, ओली माती आणि धूर. चुलीत विस्तव नव्हता. फुंकणं मात्र चालूच होतं... सावकाश, दमानं.

तिनं दार सताड उघडलं. पदर कमरेला खोचला.

"घराचा कागद माया नावावर आहे. तुमच्यापाशी कागद आहे का?"

फुंकणं थांबलं.

"नाही ना? मंग निघा. चांगल्यानं सांगून राहिली."

मग भांड्यात भांडं ठेवल्याचा आवाज... आणखी एक. कोणीतरी संसार आवरत होतं. गोदावरीबाई दारातून बाजूला झाली. गार हवा तिच्या खांद्याला घासून गेली. तिच्यामागून दुसरी, कमरेएवढी. मग तिसरी, त्याहून ठेंगणी.

"काकी... गेला का तो?" रस्त्यावरून राजकुमारचा आवाज फाटला.

"गेले!" ती गरजली. "सारे गेले! आता तूही जाय घरी!"

मोटरसायकल सुसाट पळाली. त्या घरात गोदावरीबाई पहिल्यांदाच मालकिणीसारखी मोकळी हसली. दार लावायला तिनं कडीला हात घातला.

तेवढ्यात कोणीतरी वाकून तिच्या पायांना हात लावला. हात लहान होता. आणि त्या गार हवांसारखा नव्हता, जिवंत माणसाचा असावा तसा चांगला उबदार होता.