धक्क्यावरची पाठमोरी

"अगं, भिजतेस काय अशी?"

मागून कुणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि हे म्हणालं. आवाज असा, की जणू आमचं हे रोजचंच आहे. शनिवारची दुपार होती, आठवडाभर न थांबलेली रिपरिप, आणि मी बसथांब्याकडे पाय ओढत चालले होते. मी गर्रकन वळले. समोर एक उंच, काटकुळा माणूस. खांद्याला अवजारांची पिशवी, आणि चेहरा पांढराफटक.

"अगं कुणाला म्हणता?" मी म्हटलं. "आणि छत्री धरायचीच तर नीट धरा. अर्धं पाणी माझ्या खांद्यावर येतंय."

तो सॉरी म्हणाला, माणूस ओळखण्यात चूक झाली म्हणाला. मला वाटलं, बहीण-बिहीण असेल कुणी. पण छत्री मात्र त्याने काढली नाही... नीट धरली. पुढचा रस्ता पाण्याखाली आहे, बस काही यायची नाही, हेही त्यानेच सांगितलं. तो लाँड्रीच्या वरच्या खोलीत चालला होता. तिथे दर शनिवारी जुने सिनेमे बघणारं एक मंडळ जमायचं.

कुठला सिनेमा, मी विचारलं. विचारायला नको होतं, पण जुना सिनेमा म्हटला की माझा पाय घसरतो.

"आज वकिलाचा," तो म्हणाला.

"ज्यात भुवईवाला वकील आहे, आणि खून करणारा त्याच्यापेक्षा देखणा आहे, तो?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि लाँड्रीचा जिना तो माझ्या पुढे, अर्धा माझ्याकडे वळून, तिरका तिरका चढला.

वरच्या खोलीत इस्त्रीच्या वाफेचा वास होता. पडदा म्हणजे लाँड्रीतलीच एक चादर, दर शनिवारी वेगळी, आणि एखादीच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी घराण्याची अक्षरं भरलेली. मंडळात नटनट्यांची नावं कुणी घेत नसे. भुवईवाला, खोकणारी, जाड्या जज्ज म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आमचं घराणंच एक, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. मंडळ चालवायच्या त्या एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी दारातून आत येऊन खिडकीकडे वळले तेव्हा त्यांच्या हातातला कप खाली पडून फुटला. मला वाटलं, वय झालंय. त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली, तिथली सगळ्यांत चांगली. मी मनातून फुलले.

सिनेमा संपला की तिथे एक खेळ चाले. त्याला म्हणायचे 'बदली'. सिनेमातल्या एका माणसाला काढायचं, त्याच्या जागी दुसऱ्याला घ्यायचं, आणि का ते पटवून द्यायचं. मग मतं. पण एक नियम होता. ज्याला काढाल त्याचं एक तरी दृश्य ठेवायचं. हा नियम आला होता धक्क्यावाल्या सिनेमावरून. त्या सिनेमाची मूळ नायिका थोडंसं काम करून आजारी पडली आणि गेली. मग तिच्या जागी खोकणारीला घेतलं, सगळं पुन्हा चित्रित केलं. फक्त एक दृश्य राहू दिलं. पावसात, बंदराच्या धक्क्यावरून, ती पाठमोरी चालत जाते. चेहरा दिसत नाही, म्हणून चाललं. सगळा सिनेमा एकीचा आणि तेवढी पाठ दुसरीची.

मी या खेळात अशी रमले की आईला संशय आला. शनिवार उजाडला की मी केस धुवायची. आई म्हणाली, चादरीवरच्या माणसांसाठी कुणी एवढं नटत नाही.

खरं होतं तिचं. मी कवळ्या बनवते. दंतवैद्य साचे पाठवतात आणि मी त्यात मेण ओतून, दात बसवून लोकांचं हसू परत पाठवते. दिवसभर माझ्यासमोर नुसते दात असतात, त्यामागे माणूस नसतो. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर तोही अंधाऱ्या उभ्या बोगद्यात लोंबकळायचा. दोघांनाही शनिवारी माणसं हवी असायची. बायको गेल्याचं त्याने दुसऱ्याच भेटीत सांगितलं. थंडीत आजारी पडली, उन्हाळा तिने पाहिला नाही. तीही याच मंडळात यायची. त्याने हे सांगितलं आणि विषय मिटवला, आणि मीही उकरला नाही.

तो बदली कधीच खेळायचा नाही. आहे तसंच राहू दे, म्हणायचा. मी त्याला छळायची. मुद्दाम त्याच्या आवडत्या माणसांवर कुऱ्हाड चालवायची.

"तुम्हाला कुणालाच काढवत नाही का हो?" एकदा बसथांब्यावर मी विचारलं.

"काढलेल्या माणसाशिवाय राहायची सवय लवकर होत नाही," तो म्हणाला. मग माझा चेहरा उतरलेला बघून त्यानेच सावरलं. "बरं, माझ्यावर सिनेमा काढला तर माझं काम कुणाला द्याल?"

"भुवईवाल्याला. त्याला भुवया वर-खाली करण्यापलीकडे काही येत नाही. लिफ्टला तेवढंच लागतं."

तो हसला. त्याचं हसू वाकडं होतं, डावीकडचा एक दात जरा आत. कवळी करायला दिली असती तर मी तो दात तसाच आत बसवला असता.

"आणि माझं काम?" मी विचारलं.

त्याने फार वेळ विचार केला. बसही आली तोवर. "कुणालाच नाही देता येणार," तो म्हणाला. "तुमच्याइतकं भांडणारी एकही नटी नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एकच खोड होती त्याची. माझ्यासोबत चालताना तो पुढे चालायचा आणि सारखा मागे वळून बोलायचा. त्या नादात एकदा विजेच्या खांबावर आपटला. दार उघडलं की 'आधी तुम्ही' नाही, काही नाही, सरळ स्वतः आत. मी म्हटलं, असतात काही माणसं आडदांड. जिव्हाळा जडला की आडदांडपणाही गोड लागतो.

मग धक्क्यावाला सिनेमा लागला. मंडळात तो वर्षातून एकदाच दाखवायचे. बाहेर तसाच पाऊस, खालून वाफेचा वास. ते दृश्य आलं. लाटा, ओला धक्का, आणि काळ्या कोटातली ती पाठ हळूहळू लहान होत गेली. मला उगीच वाटलं, कुणीतरी माझ्याकडे बघतंय. मान वळवली, तर सगळेच बघत होते. तो मात्र मान खाली घालून स्वतःचे हात बघत होता.

त्या दिवशी त्याला कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला जावं लागलं. मी सिस्टरना कप धुवायला मदत करत थांबले. त्यांनी ओल्या हाताने माझा गाल धरला.

"किती बरं वाटतं गं तुम्हा दोघांना बघून. पहिल्या दिवशी तू दारातून खिडकीकडे वळलीस, आणि कप सुटला माझ्या हातातून. पाठमोरी तर तू हुबेहूब त्याची बायको. चालसुद्धा तीच."

मी कप पुसत राहिले.

"चेहरा वेगळा आहे, पण तेवढं चालतं. आम्ही त्याच दिवशी बदली खेळलो. सगळ्यांनी हात वर केले तुझ्यासाठी. तिची खुर्चीही तुलाच दिली की."

"आणि त्यांनी?" मी विचारलं.

"तो कुठे होता? पाणी ओसरलं तसा तो तुला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला होता ना."

त्या बाईच्या मनात पाप नव्हतं. आयुष्यभर आजाऱ्यांची उशी नीट करत आलेली बाई ती, तिला एक रिकामी जागा दिसली आणि तिने ती भरली. पण मी उरलेले कप तसेच ठेवून जिना उतरले. मी घरातली धाकटी. ताईचे फ्रॉक, ताईची सायकल, ताईची पुस्तकं, तिच्या अक्षरातल्या खुणांसकट. कुरकुर केली की आई म्हणायची, चांगलं आहे की, कुठे फाटलंय? मला जन्मात एक तरी गोष्ट कोरी हवी होती. आणि इथे मीच कुणाच्या तरी मापाची निघाले. छत्री माझ्यावर धरलीच नव्हती. 'अगं' मला म्हटलंच नव्हतं.

मी शनिवारी जायचं सोडलं. आईने एकदा विचारलं, सिनेमे संपले का? मी हो म्हटलं. तिने माझ्या न धुतलेल्या केसांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. काम मात्र मी झपाटल्यासारखं केलं. संध्याकाळी खोलीतल्या प्लास्टरच्या धुळीत एकटी बसून मी नवनवीन कवळ्यांना पॉलिश करत राहायची, आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघून हसायच्या.

एका अशाच संध्याकाळी बाहेरच्या टेबलावरची मुलगी सांगत आली, लिफ्टवाले आलेत. मी म्हटलं, आपली इमारत बसकी, वर मजलाच नाही, लिफ्ट कुठली? तोवर तो दारात होता. पिशवीतून पाणी गळत होतं.

"सिस्टरनी सांगितलं मला," तो म्हणाला. "त्या रडत होत्या. त्यांनी मतं घेतली हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर खोलीला कुलूप लावलं असतं मी."

माझ्या हातात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा वरचा जबडा होता. तो मी खाली ठेवला.

"हे माझं काम आहे," मी म्हटलं. "गेलेल्यांच्या जागी नवे बसवायचे. मी स्वतः नाही बसणार."

मग मीच विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला पुढचा श्वास घेता आला नसता. "पहिल्या दिवशी छत्री कुणावर धरली होती?"

"तिच्यावर."

त्याने खोटं सांगायला हवं होतं असं मला एक क्षण वाटलं. मग वाटलं, बरं झालं.

"ती गेलीय हे त्या वेळी मी विसरलो," तो म्हणाला. "चार पावलं तरी विसरलो. मग तुम्ही वळलात आणि मला झापलंत. ती कधी झापायची नाही, नुसती गप्प व्हायची. तुम्ही वळलात तेव्हा माझ्यासाठी ती परत एकदा गेली... आणि तरी मला तुम्हाला जिन्यावरून वर न्यावंसं वाटलं. मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्यानंतर मी तुमच्या मागून एकदाही चाललो नाही. आठवून बघा."

मी आठवलं. तिरका चढलेला जिना. उघडलेली दारं. विजेचा खांब.

"पाठमोऱ्या तुम्ही तिच्यासारख्या दिसता. ते मी कसं नाकारू? म्हणून पुढे व्हायचो. मला तुमचा चेहरा बघायचा असायचा. तुमच्याशी भांडायचं असायचं."

मला तो आवडत होता, अतिशय आवडत होता, आणि तितकंच मला त्या अनोळखी बाईचं वाईट वाटत होतं. तिला माझ्या अंगात राहायची हौस नव्हती. तिला जावं लागलं होतं. आणि हा माणूस कितीतरी दिवस खांबांवर आपटत फिरला, पण तिचा निरोप काही त्याला घेता आला नव्हता.

मी एप्रन काढून खुंटीला लावला.

"बसथांब्यापर्यंत चला," मी म्हटलं. "पण आज माझ्या मागून. वळणापर्यंत."

त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने मान हलवली. "नको. मला नाही जमणार."

"ज्याला काढायचं त्याचं एक दृश्य ठेवायचं. नियम आहे," मी म्हटलं. "ते तुम्ही कधी बघितलंच नाहीत. खाली मान घालून बसता."

मी बाहेर पडले. छत्री घेतली नाही. रस्ता ओला होता, दिवे लागत होते, बंद दुकानांच्या फळ्या पावसाने काळ्या पडल्या होत्या. मागे अवजारांची पिशवी वाजली, म्हणजे तो निघाला होता. एकदा वाटलं चाल बदलावी, पाय जरा फेकावेत, खांदे उडवावेत. पण मी माझ्या सवयीनेच चालले. माझी चाल तिचीही असेल तर असो. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. मध्येच मागची पावलं थांबली. मी थांबले नाही. पुष्कळ वेळाने पिशवीचा आवाज पुन्हा आला, आणि त्याच्यासोबत दुसराही एक आवाज, जो पुरुषमाणूस सहसा कुणाला ऐकू देत नाही. माझेही डोळे वाहत होते, पण पावसात ते कुणाला कळतंय?

तेवढा रस्ता त्याची बायको चालली. दरवर्षी चादरीवर ती पाठ येणारच आहे, ती काही या सिनेमातून निघायची नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनच मी चालत होते.

वळण आलं. मी थांबले आणि वळून पाहिलं.

तो बराच मागे उभा होता. छत्री मिटलेली, केस कपाळाला चिकटलेले. तो हसला नाही. दिवे लागल्यावर सिनेमातून बाहेर येणारा माणूस डोळे किलकिले करतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. कपाळ, डोळे, नाक, सगळं एकेक. मीही चेहरा हलवला नाही. मग त्याने छत्री उघडली, चालत माझ्यासमोर आला आणि ती माझ्या डोक्यावर धरली. अर्धं पाणी पुन्हा माझ्या खांद्यावरच पडलं.

"अगं," तो म्हणाला, "भिजतेस काय अशी?"

कुणाला म्हणता, असं या वेळी मी विचारलं नाही.