सतरा रिंगा

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. पण बोरी बुद्रुकला, आमच्याच घरात हे घडलंय. आणि त्या रात्री फोनपाशी मीच बसले होते.

जानेवारी १९९८.

माझा मोठा भाऊ बुद्धभूषण गल्फला वेल्डर होता. तीन वर्षांनी घरी येत होता. सकाळी मुंबईहून एसटीने आळेफाट्याला उतरणार होता.

फोन उचलला की त्याचे पैसे जायचे, म्हणून आमचं ठरलेलं. एक रिंग वाजून बंद झाली, म्हणजे तो विमानात बसायला निघाला. दोन वाजल्या, म्हणजे मुंबईला पोचला.

उचलायचं नाही. नुसतं मोजायचं.

रात्री अकराला एक रिंग आली. "निघाला गं माजा!" म्हणत आईने पुरणाची डाळ भिजत घातली.

साडेबाराला फोन परत वाजला.

एक... दोन...

मी घड्याळाकडे बघितलं. मुंबईला पोचायला अजून दोन तास होते.

तीन... चार...

थांबेचना.

मी रिसीव्हरला हात घातला. आईने मनगट धरलं.

"उचलू नगं, कल्याणे. इमानाला उशीर झाला आसंल. पोराचं पैसं जात्याल."

सतरा वाजल्या. मग बंद.

सकाळी बातम्यांत सांगितलं. उडाल्यावर काही मिनिटांतच विमान समुद्रात कोसळलं होतं. आपल्याकडच्या बारा वाजून पाच मिनिटांनी.

मग साडेबाराला कोण...?

दादा सापडलाच नाही. पंधरा दिवसांनी चुलत्यांनी जलदानविधीचं काढलं. मेलेल्या माणसासाठी आमच्यात तो करतात. आई त्यांच्या अंगावर धावून गेली.

"पान्यातच गेला माजा! त्याला आजून पानी देता व्हय?"

मग खाली बसून कपाळ बडवायला लागली. "म्याच उचलू दिला न्हाई..."

तरी विधी ठेवला. भर दुपारी भंतेजी वंदना म्हणत होते. माणसं बसली होती.

आणि फोन वाजला...

मी पहिल्याच रिंगला उचलला.

नुसती खरखर. मग खूप लांबून, दमलेला आवाज...

"अठरा..."

दादाच. सख्ख्या भावाचा आवाज मी ओळखणार नाही?

"दादा! उचललाय रे मी! बोल!"

आईने रिसीव्हर हिसकावला. "भूषना, आई हाय रं! बोल की, माज्या राजा!"

फोन कट झाला.

तो तिकडे रिंगा मोजत होता. आम्ही कधी उचलतो, याची वाट बघत.

याला अकरा वर्षं झाली. आता घरोघरी मोबाईल आलेत. आमचा जुना फोन आईने काढू दिला नाही. गेल्या साली ती गेली, तेव्हाही माझा हात धरून हेच म्हणाली, "काडू नगं. उचलत ऱ्हा."

वर्षातून दोनतीनदा तो तसा वाजतो. हातातलं टाकून मी धावते. पहिल्या रिंगलाच उचलते, जीव तोडून ओरडते, "दादा, उचललाय रे!"

त्याला ऐकूच जात नाही.

परवा तो "एक्केचाळीस" म्हणाला.

रडत होता.