मालिकेतल्या घराचं दार

बसा असे जवळ. तो बाहेरचा दिवा राहू दे चालू, नंतर तुम्हीच मागाल. आणि मधेमधे फिदीफिदी हसायचं नाही. ज्याच्याबाबतीत हे घडलं, त्याची मिनीबस आजही माझ्याच गॅरेजात दुरुस्तीला येते.

त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. ड्रायव्हर असून हे नाव, म्हणजे गाडी कशी हाकत असेल बघा! शनिवार-रविवार तो लोकांना सहलीला न्यायचा. सकाळी पडका किल्ला: कोरडा तलाव, ढासळलेल्या कमानी, छप्पर उडालेला दरबार. तिथं लोक जांभया द्यायचे. दुपारी किल्ल्याच्या उतारावरचं मालिकेतलं घर आलं, की सगळे टुणकन जागे. टीव्हीवर रोज दिसणारं घर ते! प्रत्यक्षात नुसती पुढची भिंत. प्लायवूड, त्यावर दगडाचा रंग, मागं बांबूचे टेकू आणि गवत. तरी बायका दारापुढं कमरेवर हात ठेवून, मालिकेतल्या सासूसारखे डोळे वटारून फोटो काढून घ्यायच्या.

सावकाश कधी माणसं मोजायचा नाही. मोजताना चुकतो म्हणायचा. निघायच्या आधी मागं वळून विचारायचा, "आपापला शेजारी बघा. आला का?" सगळे "आला, आला" ओरडले की गिअर टाकायचा.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी एक मावशी एकट्याच आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. दुपारी सगळे जेवत होते, तेव्हा सावकाशच्या शेजारी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "ते दार आमच्या ह्यांनी केलंय."

यजमान सुतार. मालिकेच्या सेटवर कामाला होते. सगळं घर खोटं, पण दार मात्र त्यांनी अस्सल सागवानी केलं, कारण खोटं काम त्यांना जमायचंच नाही. आणि स्वतःच्या घरात? आतल्या खोलीला दारच नाही, नुसता पडदा. त्यावरून मावशींनी त्यांचं डोकं कमी खाल्लं नव्हतं. "हे काम संपलं की पहिलं आपलं दार," असं ते म्हणायचे. मग एक दिवस सेटवरची परांची मोडली. वरून पडले, ते उठलेच नाहीत.

"मालिका लागली की मी नुसती दाराकडे बघत बसायचे," मावशी म्हणाल्या. "कोण कुणाची सून, मला आजपर्यंत कळलेलं नाही. आता मालिका संपली. सोमवारी सगळं पाडणार आहेत म्हणे. म्हटलं, त्याआधी एकदा हात तरी लावून यावा."

घरापाशी सगळ्यांचे फोटो होईपर्यंत त्या बाजूला उभ्या राहिल्या. गर्दी हटली, तशा पुढं झाल्या. ते दार उघडायचं नाही, चौकटीला खिळे ठोकलेले. त्यावर तळवा टेकवून किती तरी वेळ उभ्या. बोलवायला गेलेल्या सावकाशच्या कानावर पडलं, "पुरे झालं आता काम. चला घरी."

तो आला तसाच मागं फिरला.

निघताना अंधार पडायला लागला होता. सावकाशनं विचारलं, "आपापला शेजारी बघा. आला का?" सगळे ओरडले. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "मावशी, तुमचा?" आणि त्यानं जीभ चावली. एकट्या बाईला असं विचारतात का?

"हो रे बाळा," मावशी म्हणाल्या. "बसलेत."

त्यानं आरशात बघितलं. मावशींच्या शेजारची जागा रिकामी होती. पण सकाळी तिथं ठेवलेली पिशवी आता त्यांच्या मांडीवर होती.

एकेक जण उतरत गेला. शेवटी बसमध्ये सावकाश आणि मावशी, दोघंच. लख्ख चांदणं पडलेलं. मागं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मावशी बोलायच्या... थांबायच्या... मग हसायच्या. परत आरशात बघायचा सावकाशला धीर झाला नाही. बसमध्ये ताज्या कापलेल्या लाकडाचा वास भरला होता.

सव्वानऊला मावशींची गल्ली आली. त्या उतरल्या. सावकाश दार ओढणार, तेवढ्यात म्हणाल्या, "थांब जरा. त्यांना उतरायला वेळ लागतो."

तो थांबला.

पायरी करकरली... एकदा.

परत.

बस किंचित वर उचलली गेली. माणूस उतरला की उचलली जाते, तशी.

"ये हं बाळा," मावशी म्हणाल्या.

सावकाशनं हळूच दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवारची सहल घेऊन तो परत तिथं गेला. भिंत होती. चौकट होती. चौकटीतून पलीकडचं गवत दिसत होतं, आभाळ दिसत होतं. दार नव्हतं. राखणदार शपथा घेत होता की रात्रभर कुणी फिरकलं नाही.

मावशींची शाल बसमध्ये राहिली होती. ती द्यायला सावकाश संध्याकाळी त्यांच्या घरी गेला. बाहेरचं दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीला... सागवानी दार. बंद. चौकट बुटकी, म्हणून खालून कापून, रंधा मारून चपखल बसवलेलं. उंबऱ्यापाशी ताजे छिलके पडले होते. बाजूला जुना पडदा घडी करून ठेवला होता.

त्यानं हळूच टकटक केली.

"हळू रे," आतून मावशी कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. फार दमलेत."

सावकाशनं शाल पडद्यावर ठेवली. चपला हातात घेतल्या आणि पाऊल न वाजवता बाहेर आला. गल्लीच्या टोकाला आल्यावर मात्र त्याला रडू फुटलं. भीतीनं नाही, पोरांनो.

मावशी पुढं वर्षभरानं इस्पितळातच वारल्या. घर तेव्हापासून रिकामं आहे. त्यांच्या भाचीनं सावकाशच्या ओळखीनं किल्ली मला दिली होती, साफसफाईला. मी गेलो. आतल्या खोलीचं दार लोटून बघितलं.

आतून कडी होती.